व्यक्तिचित्राचा अभ्यास : हाताचा की दृष्टीचा?

व्यक्तिचित्र काढावयास नव्याने लागलेल्या माणसांची चित्रे एकत्र मांडून पाहिली, तर त्यांत एक दोष जवळजवळ नियमाने आढळतो. डोळे फार वर गेलेले असतात. वस्तुतः प्रौढ माणसाच्या डोक्याची टाळूपासून हनुवटीपर्यंतची पूर्ण उंची घेतली, तर डोळ्यांची रेषा तिच्या साधारण मध्यावर येते. आरशासमोर उभे राहून पट्टीने पडताळता येण्याजोगी ही गोष्ट आहे. तरीही शिकणारा डोळे वर सरकवतो, कपाळ आखूड करतो आणि केसांखालची कवटी जणू कापूनच टाकतो. ज्याने जन्मभर माणसांचे चेहरेच पाहिले, चेहऱ्यांवरून आप्त आणि परके ओळखले, त्याच्या हातून इतकी ढोबळ चूक व्हावी, आणि बहुतेकांच्या हातून ती एकाच दिशेने व्हावी, याचा अर्थ काय? हात वळलेला नसल्यामुळे होणारी चूक कधी वर, कधी खाली झाली असती. ज्या चुकीला दिशा आहे, तिचे मूळ हातात नसून अन्यत्र असले पाहिजे.

हे मूळ शोधू लागताच भाषेच्या अभ्यासकाला एक परिचित परिस्थिती समोर दिसते. 'अंक', 'अंत' आणि 'आंबा' हे तीन शब्द मराठी माणूस रोज उच्चारतो. पहिल्यातील अनुस्वाराच्या वेळी जिभेचे मूळ मृदुतालूला टेकते, दुसऱ्यातील वेळी जिभेचे अग्र दातांना लागते आणि तिसऱ्यातील वेळी ओठ मिटतात. म्हणजे तीन निरनिराळे अनुनासिक ध्वनी होतात. पण बोलणाऱ्याला विचारावे, तर तो निःशंकपणे सांगतो की तिन्ही ठिकाणी 'एकच टिंब' आहे. संस्कृत वैयाकरणांनी हा भेद हेरून त्याला परसवर्ण हे नाव दिले, हे त्यांच्या कानाचे श्रेष्ठत्व होय. सामान्य वक्त्याला मात्र तो ऐकू येत नाही. कारण त्या जागी अर्थाचा निर्णय त्या भेदावर अवलंबून नसतो, आणि ज्यावर अर्थ अवलंबून नाही ते कान सोडून देतो. ध्वनिविज्ञानाचा विद्यार्थी पुष्कळ दिवसांच्या श्रवणाभ्यासानंतर जे ऐकू लागतो, ते त्याच्या कानावर पहिल्यापासून पडतच होते.

चेहऱ्याच्या बाबतीत हेच घडते. चेहरा पाहताना आपल्याला हवे असते ते एवढेच : हा कोण, कोणाकडे पाहतो आहे, रागावला आहे की प्रसन्न आहे. ही सारी माहिती भुवयांपासून ओठांपर्यंतच्या पट्ट्यात साठलेली असते. कवटीचा घुमट, गालाची मोकळी जागा, कान आणि जबडा यांमधले अंतर ही काहीच 'सांगत' नाहीत, म्हणून दृष्टी त्यांना वगळते. जे वगळले ते चित्रातही लहान होते. शिवाय, जे पाहिले तेही आकार म्हणून पाहिलेले नसते. नवशिक्याचा डोळा म्हणजे बदामाची आकृती व तिच्यात एक वर्तुळ. त्याचे नाक म्हणजे एक उभी रेघ व खाली दोन ठिपके. ही चिन्हे आहेत, लिपीतील अक्षरांसारखीच. बालवयात ती एकदा शिकली जातात आणि पुढे वर्षानुवर्षे तशीच राहतात. समोर आजोबा बसलेले असोत की शेजारचा मुलगा, बदाम तोच. अशा वेळी शिकणारा चेहरा रेखाटीत नसतो. तो चेहरा लिहीत असतो.

कलेतिहासकार ई. एच. गोम्ब्रिख यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या 'आर्ट अँड इल्यूजन' या ग्रंथात हा विचार विस्ताराने मांडला आहे. त्यांच्या मते चित्रकार कोऱ्या नजरेने निसर्गाकडे पाहत नाही. तो आधी एक साचा घेऊन येतो, तो कागदावर मांडतो आणि मग समोरच्या वस्तूशी ताडून दुरुस्त करतो. साचा आणि दुरुस्ती, या दोहोंपैकी दुसरा शब्द सरावाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. कारण नित्य सरावाविषयी जे सर्वसामान्य मत प्रचलित आहे, ते या शब्दाशिवायच मांडले जाते. 'रोज एक चेहरा काढीत जा, हात आपोआप बसेल,' असे सांगितले जाते. हात बसतो हे खरे. पण तो कशावर बसतो? दुरुस्तीवाचून केलेल्या प्रत्येक आवृत्तीबरोबर साचाच अधिक पक्का होतो. वर्षभरानंतर तोच बदाम अधिक सफाईने, अधिक वेगाने निघू लागतो, आणि ही सफाई प्रगती म्हणून गणली जाते. पाणिनीच्या व्याकरणात द्वित्व झालेल्या धातूच्या पूर्वभागाला 'अभ्यास' ही संज्ञा आहे. नुसती पुनरावृत्ती एवढाच अर्थ घेतला, तर कित्येकांचा चित्राभ्यास या पारिभाषिक अर्थानेच अभ्यास असतो!

मग कोणता सराव दृष्टी बदलतो? याचे उत्तर शोधावयास एखाद्या शिकणाऱ्याचा दीर्घ आणि लिखित वृत्तान्त हाताशी असणे इष्ट आहे. असा वृत्तान्त व्हिन्सेंट व्हॅन गॉग याचा उपलब्ध आहे. तो १८५३ साली जन्मला आणि १८८० च्या उन्हाळ्यात, बेल्जममधील बोरिनाज या कोळशाच्या खाणींच्या प्रदेशात असताना, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्याने चित्रकार होण्याचे ठरविले. १८९० साली तो मृत्यू पावला. म्हणजे आरंभापासून अंतापर्यंत सारा काळ दहा वर्षांचा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पत्रव्यवहाराच्या संपूर्ण आवृत्तीत त्याने लिहिलेली ८१९ पत्रे आहेत. भाऊ थिओ याला लिहिलेल्या त्यांतील बहुसंख्य पत्रांत आज काय काढले, काय बिघडले, कोणते पुस्तक हवे, मॉडेलला किती पैसे द्यावे लागले, याचा हिशेब आहे. त्याच्या आयुष्यातील नाट्यावर इतके लिहिले गेले आहे की हा हिशेब सहसा कोणी वाचीत नाही. चित्रशिक्षणाच्या दृष्टीने मात्र तोच मोलाचा आहे. त्याच्या आरंभीच्या आकृती अवघडलेल्या आणि प्रमाणहीन आहेत. उपजत हाताचे उदाहरण म्हणून त्याच्याकडे बोट दाखविणे कठीण आहे.

आरंभी त्याने हाती घेतला तो शार्ल बार्ग याचा चित्रपाठ. बार्गने झाँ-लेओं जेरोम याच्या सहकार्याने तयार केलेला हा पाठ पॅरिसच्या गुपील कंपनीने १८६६ पासून काही वर्षांत तीन भागांत प्रसिद्ध केला. शिळाछापाची एकूण १९७ पाने त्यात होती. पहिल्या भागात प्लास्टरच्या मूर्तींवरून केलेली चित्रे, दुसऱ्यात जुन्या चित्रकारांच्या रेखाटनांच्या प्रतिकृती आणि तिसऱ्यात कोळशाने करावयाच्या मानवाकृतींचे ६० पाठ अशी योजना होती. व्हॅन गॉगने या साठ पाठांच्या नकला बोरिनाजमध्ये केल्या आणि १८८१ साली एट्टेन येथे आईवडिलांकडे राहावयास आल्यावर त्या पुन्हा केल्या.

या पाठाची रीत थोडी तपशिलाने पाहण्याजोगी आहे. पहिल्या भागातील अनेक पानांवर एकाच मस्तकाची दोन चित्रे शेजारी शेजारी दिलेली असतात. एकात केवळ सरळ रेषांनी बांधलेला बाह्याकार असतो, दुसऱ्यात छायाप्रकाशासह पूर्ण केलेले मस्तक. विद्यार्थ्याने प्रथम सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा बिंदू निश्चित करावयाचा, मग ओळंब्याची उभी रेषा मनात धरून नाकाचे टोक, ओठांची कड, हनुवटी त्या रेषेच्या किती डावीकडे वा उजवीकडे पडतात ते पाहावयाचे. वक्र रेषा शेवटी. यात 'नाक' नावाची वस्तू कोठेच येत नाही. येतात ती अंतरे, तिरप्या रेषांचे कोन आणि छायेच्या कडा. पेन्सिल हात ताठ करून समोर धरणे व अंगठ्याने माप घेणे ही चित्रशाळेतील सर्वपरिचित कृती याच हेतूची आहे. माप हे नाव विसरावयास लावण्याचे साधन होय. 'हा डोळा आहे' असे म्हणत राहिल्यास बदाम निघतो. 'ही काळी जागा त्या उजळ जागेच्या दीडपट रुंद असून डावीकडे किंचित झुकलेली आहे' असे म्हटल्यास समोरच्या माणसाचा डोळा निघू शकतो.

प्लास्टरच्या मूर्तींवरून आरंभ करण्याची ही युरोपीय पद्धत १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही आली. पुढे ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या काळात जिवंत मॉडेलवरून अभ्यासाला तेथे स्थान मिळाले. ग्रीक मूर्तींच्या ठशांवर भारतीय विद्यार्थ्यांनी हात घासावेत, यावर रास्त टीका झालेली आहे. त्या टीकेचा रोख मूर्ती कोणाची यावर आहे. मूर्ती हलत नाही, तिचा भाव पालटत नाही, ती बोलावीत नाही, म्हणून ओळखीचा मोह दूर ठेवून मोजता येते, हा त्या पद्धतीमागचा शैक्षणिक विचार त्या टीकेने बाधित होत नाही. खुद्द व्हॅन गॉगलाही ही गोष्ट उशिरा पटली. हेगमध्ये १८८२ साली त्याचा नातलग चित्रकार अँटॉन मॉव्ह याने प्लास्टरवरून काढण्याचा आग्रह धरला, तेव्हा संतापून त्याने घरी येऊन प्लास्टरचे तुकडे कोळशाच्या पेटीत फेकून दिले. पुढे १८८६ च्या आरंभी तो अँटवर्पच्या अकादमीत गेला, तेव्हा त्याच प्राचीन मूर्तींकडे पाहून तो विस्मित झाल्याचे त्याच्या पत्रांवरून दिसते. तेथील अध्यापकांशी त्याचे जे मतभेद झाले, ते बाह्यरेषेला प्राधान्य द्यावे की घनतेला, या प्रश्नावर.

मापाबरोबर प्रमाणाचा प्रश्न येतो. आपल्या शिल्पग्रंथांतील तालमानात केसांच्या कडेपासून हनुवटीपर्यंतचे मुख बारा अंगुळांचे मानून त्याचे कपाळ, नाक आणि नाकाखालचा भाग असे चार-चार अंगुळांचे तीन समान खंड केले जातात. रोमन वास्तुकार विट्रुव्हियस यानेही मुखाचे असेच तीन समान भाग सांगितले आहेत. प्रत्यक्षात अगदी असा चेहरा विरळाच. म्हणून काही शिक्षक प्रमाणांचे पाठांतर निरुपयोगी ठरवितात. हा निर्णय घाईचा वाटतो. प्रमाण हे समोरच्या माणसाचे वर्णन नव्हे. समोरचा माणूस त्यापासून कोठे आणि किती ढळतो, हे दिसावे म्हणून धरलेली ती आधाररेषा आहे. आधाररेषाच नसेल तर 'याचे नाक लांब आहे' या वाक्याला अर्थ राहत नाही. कशाहून लांब?

येथे पुन्हा भाषाविचाराकडे वळणे अप्रस्तुत होणार नाही. फेर्दिनां द सोस्यूर याच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील मध्यवर्ती सिद्धान्त असा की चिन्हाचे मूल्य त्याच्या अंगच्या गुणात नसून इतर चिन्हांपासूनच्या त्याच्या भेदात असते. चेहऱ्याची ओळखही बरीचशी अशीच भेदाश्रित असल्याचे मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांवरून दिसते. गिलियन ऱ्होड्स, सुझन ब्रेनन आणि सुझन केरी यांनी १९८७ साली परिचित व्यक्तींच्या रेखाकृती घेतल्या आणि सरासरी चेहऱ्यापासून त्या जेथे भिन्न होत्या तेथे तो फरक वाढवून दाखविला. ही अतिशयोक्त चित्रे हुबेहूब रेखाकृतींपेक्षा लवकर ओळखली गेली. व्यंगचित्रकारांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. व्यक्तिचित्र शिकणाऱ्याला यातून जे घ्यावयाचे ते निराळे. चेहऱ्याचे सर्व भाग सारख्याच चुकीने काढले, तर साम्य तितकेसे जात नाही. पण जेथे तो माणूस इतरांहून वेगळा आहे तेथे साच्याने त्याला सरासरीकडे ओढले, तर बाकीचे सारे बिनचूक असूनही घरची माणसे म्हणतात, 'हे त्यांचे नव्हे.' मृत माणसाच्या जुन्या छायाचित्रावरून तैलचित्र करवून घेणाऱ्या कुटुंबांत असे प्रसंग घडतात, आणि त्या वेळी काय चुकले ते कोणालाही बोटाने दाखविता येत नाही.

न्यूनेन या खेड्यात १८८४–८५ च्या हिवाळ्यात व्हॅन गॉगने शेतकरी आणि विणकरी यांची मस्तके रंगविण्याचा क्रम धरला. पन्नास मस्तके करण्याचा त्याचा संकल्प होता. त्यांपैकी सुमारे चाळीस आज उपलब्ध आहेत. टोपी घातलेल्या त्याच त्या स्त्रिया, तीच मंद प्रकाशाची खोली, समोरून, बाजूने, तिरप्या कोनातून. ही मस्तके पाहताना एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. इंग्लंडच्या 'द ग्राफिक' या साप्ताहिकातील 'लोकांची मस्तके' या चित्रमालेचा तो चाहता होता आणि न्यूनेनमध्ये त्याला हवा होता तो शेतकऱ्याचा नमुना, अमुक एक शेतकरी नव्हे. त्यामुळे गालाची हाडे, जाड ओठ, पुढे आलेली हनुवटी यांचा एक नवा साचाच त्याच्या हातात तयार होऊ लागला होता. १८८५ च्या वसंतात याच अभ्यासातून 'बटाटे खाणारे' हे चित्र निघाले. मस्तके इतक्या वेळा काढलेली होती की त्यातील बराच भाग त्याने स्मरणाने रंगविला. त्याच्या शिळाछापाची प्रत पाहून त्याचा मित्र रॅपार्ड याने आकृतींच्या रचनेवर अत्यंत कठोर टीका केली आणि दोघांची मैत्री तुटली. टीकेचा स्वर अन्यायाचा होता, पण तिच्यात तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. ज्याचा सराव केला ती मस्तके उभी राहिली. ज्याचा केला नाही ते हात, खांदे व बसण्याची ठेवण डळमळीत राहिली. सराव आपल्या विषयापलीकडे आपोआप पसरत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

स्मरणाने काढण्याचा प्रश्न जाता जाता येथेच निकालात काढता येईल. पॅरिसचे शिक्षक ओरास लकॉक द ब्वाबोद्राँ यांनी १८४८ साली चित्रस्मृतीच्या शिक्षणावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. शिल्पकार रोदँ हा त्यांचा विद्यार्थी. वस्तू प्रथम नीट पाहावयाची, मग ती दृष्टीआड करून काढावयाची आणि पुन्हा मूळ वस्तूशी ताडावयाची, ही त्यांची रीत. यातील तिसरी पायरी गाळली, तर स्मरण आणि साचा यांत फरक उरत नाही.

ताडण्याची ही क्रिया प्रत्यक्ष काढतानाही किती वेळा व्हावी, याविषयी अलीकडच्या संशोधनाने काही निश्चित सांगितले आहे. डेल कोहेन यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काढताना जे वारंवार मूळ चित्राकडे दृष्टी वळवीत होते त्यांची चित्रे अधिक बिनचूक असल्याचे दिसले. आर. सी. मायल आणि जॉन चालेंको यांनी इंग्लिश व्यक्तिचित्रकार हम्फ्री ओशन यांच्या नेत्रहालचालींची नोंद केली, ती २००१ साली प्रसिद्ध झाली. काढीत नसताना त्यांची दृष्टी इतरांसारखीच चेहऱ्यावर भराभर फिरे. काढू लागताच ती प्रत्येक वेळी एकाच तपशिलावर बराच अधिक वेळ स्थिर होई आणि तेवढेच घेऊन कागदाकडे परते. नवशिका याच्या उलट करतो. तो एकदा दीर्घकाळ पाहतो, 'समजले' असे मानतो आणि मग मान खाली घालून बराच वेळ काढीत राहतो. त्या वेळात समोरच्या माणसाची जागा मनातील बदामाने घेतलेली असते. भ्रमणध्वनीवरील छायाचित्रावरून काढणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यालाही हा नियम लागू आहे. त्याच्या बाबतीत एवढीच भर घालावी लागेल की अगदी जवळून घेतलेल्या छायाचित्रात नाक मोठे व कान मागे गेलेले दिसतात, आणि तेच प्रमाण म्हणून त्याच्या डोळ्यांत बसते.

साचा दूर ठेवण्याचा आणखी एक उपाय फार लोकप्रिय झाला आहे, तो म्हणजे चित्र उलटे धरून त्याची नक्कल करणे. बेटी एडवर्ड्स यांच्या १९७९ सालच्या पुस्तकात पिकासोने काढलेले संगीतकार स्त्राविन्स्की यांचे रेखाचित्र या पाठासाठी घेतलेले आहे. उजव्या व डाव्या मेंदूच्या कार्यविभागणीचे जे स्पष्टीकरण त्या देतात, ते त्या ढोबळ स्वरूपात आज ग्राह्य मानले जात नाही. पाठ मात्र उपयुक्त आहे, आणि त्याचे कारण अन्यत्र सापडते. रॉबर्ट यिन यांनी १९६९ साली दाखविले की उलटे केल्याने इतर वस्तूंपेक्षा चेहरे ओळखण्यात कितीतरी अधिक अडचण येते. १९८० साली पीटर थॉम्पसन यांनी मार्गारेट थॅचर यांच्या छायाचित्रातील केवळ डोळे व तोंड उलटे बसविले. ते छायाचित्र उलटे धरले असता फारसे खटकत नाही. सुलट करताच ते भयानक दिसते. अर्थात, चेहरा उलटा झाला की ओळखीची यंत्रणा मंदावते आणि आकार हे आकार म्हणून दिसू लागतात. परंतु या उपायाला मर्यादा आहे. जिवंत माणसाला उलटे टांगता येत नाही, आणि ज्या भेदावर साम्य अवलंबून असते तो भेद ओळखणारी यंत्रणाही हीच आहे. तिला काही काळ झोपविणे हा पाठ झाला. चित्र पुरे करताना तिला जागे करावेच लागते. म्हणूनच चित्रकार मधूनमधून मागे सरून, डोळे किंचित मिटून, चित्र आणि माणूस एका दृष्टिक्षेपात पाहतो.

पॅरिसमध्ये १८८६ ते १८८८ या काळात व्हॅन गॉगने स्वतःची वीसहून अधिक चित्रे काढली. कारण साधे होते : मॉडेलला द्यावयास पैसे नव्हते आणि आरसा फुकट बसत असे. आर्लला १८८८ साली त्याला टपाल खात्यातील नोकर जोसेफ रूलँ भेटला, आणि न्यूनेनचा 'नमुना' मागे पडून अमुक एक माणूस पुढे आला. दाढी, लहान डोळे, चढलेला वर्ण, सोनेरी गुंड्यांचा निळा गणवेश. रूलँची त्याने सहा चित्रे रंगविली व त्याच्या पत्नीची पाळण्याची दोरी धरलेली पाच. रूलँ १८८९ च्या जानेवारीत नोकरीसाठी मार्सेयला गेला, आणि नंतरची त्याची चित्रे समोर माणूस नसताना, आधीच्या चित्रांच्या आधाराने झाली. ती क्रमाने पाहिली असता दाढीचे केस हळूहळू वळणदार नक्षी होत गेलेले दिसतात. काही समीक्षकांना ही नक्षी अधिक प्रिय आहे. साम्याच्या दृष्टीने मात्र समोर बसलेल्या माणसाने दर क्षणी केलेला विरोध तेथे नाहीसा झालेला आहे.

मे १८९० च्या अखेरीस, ओव्हेर येथे डॉ. गाशे यांचे व्यक्तिचित्र हाती घेण्याच्या सुमारास, त्याने थिओला लिहून बार्गचे कोळशाचे पाठ पुन्हा मागविले. साठही पाने नव्याने काढावयाची होती. अशा नकलांची ओव्हेरमधील थोडी पाने शिल्लक आहेत. २९ जुलैला तो मृत्यू पावला.